बी.एस्सी.च्या गणितात मॅक्सिमा: यंत्राला काय द्यायचं, मुलांकडे काय ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स शिकवता, यंदापासून प्रात्यक्षिकांत संगणक-बीजगणिताचं सॉफ्टवेअर आणायचंय. वर्गात ६० विद्यार्थी, लॅबमध्ये चालू अवस्थेतले १५ संगणक, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. विभागातले ज्येष्ठ सहकारी म्हणतात, यंत्र इंटिग्रेशन करून देतंय म्हटल्यावर मुलं हाताने कशाला करतील? तेव्हा कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि ते कुठवर वापरू द्यावं, हे तुम्हाला हवंय.

सहकाऱ्यांच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती खोटी नाही. अशी लॅब पुष्कळदा कशी चालते बघा. फळ्यावर कमांड लिहिलेली असते, मुलं ती जशीच्या तशी टाइप करतात, उत्तर येतं, प्रिंट निघते, जर्नलला चिकटते, सही होते. दोन तासांत दहा गणितं होतात आणि डोक्यात काही शिरत नाही. याचं कारण प्रश्नांत आहे. ‘इंटिग्रेट करा’, ‘सोडवा’, ‘इन्व्हर्स काढा’ हे परीक्षेतले प्रश्न उचलून लॅबमध्ये नेले, तर विद्यार्थ्याला करायला काही उरतच नाही. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की गणितातलं कोणतं काम यंत्राचं आणि कोणतं मुलांचं. माझी वाटणी सरळ आहे: आकडेमोड यंत्राने करायची, निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा. आणि एंटर दाबण्याआधी उत्तराबद्दल काहीतरी वहीत लिहिलेलं असलंच पाहिजे. बाकी सगळं यातूनच निघतं.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. तुमच्या परिस्थितीत मॅक्सिमा घ्या, सोबत त्याचा डब्ल्यूएक्समॅक्सिमा हा चेहरा, म्हणजे मेनू-बटणांची खिडकी. १९६८ पासून एमआयटीत घडत गेलेल्या ‘मॅकसिमा’ (Macsyma) या जुन्या प्रणालीचा हा वारस. विल्यम शेल्टर यांनी तो अनेक वर्षं सांभाळला आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतो, एकदा पेन ड्राइव्हवरून बसवला की इंटरनेट लागत नाही. सेज हे दुसरं मुक्त सॉफ्टवेअर मोठं आणि ताकदवान आहे (त्याच्या पोटातही इंटिग्रेशनसाठी मॅक्सिमाच आहे), पण विंडोजच्या लॅबमध्ये ते बसवणं जिकिरीचं, आणि ऑनलाइन वापरायचं तर तुमच्याकडे नेट नाही. मेपल आणि मॅथेमॅटिका ही विकतची सॉफ्टवेअरं उत्तम, पण परवान्याचा खर्च दरवर्षी कोण भरणार हे आधी ठरलेलं असेल तरच त्या वाटेला जा. तुमच्या अभ्यासक्रमात पायथन आधीच असेल तर मात्र सिम्पाय (पायथनमधलंच संगणक-बीजगणिताचं पॅकेज) घेणं शहाणपणाचं, म्हणजे मुलांना दोन भाषा शिकाव्या लागणार नाहीत. फक्त तिथे दोन खाचखळगे आहेत: घातासाठी टोपीचं चिन्ह चालत नाही, दोन फुल्या लागतात, आणि १/३ असं टाइप केलं की पायथन त्याचा लगेच दशांश करून टाकतं, अपूर्णांक हवा असेल तर ‘रॅशनल’ असं सांगावं लागतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. लॅबमध्ये सायलॅब आहे, मग वेगळं कशाला, असं कोणी म्हणेल. सायलॅब आकड्यांचं यंत्र आहे. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स ते दशांशात देईल, पण ‘के’ नावाचा पॅरामीटर तसाच ठेवून उत्तर मागितलं तर ते त्याचं काम नाही. आपल्याला इथे अक्षरांचं बीजगणित करणारं साधन हवंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे सायलॅब आणि पायथन आपल्या कॉलेजांत चांगलेच रुळलेत आणि संख्यात्मक पद्धतींसाठी ते वापरावेतच, पण दोन्हींचं काम वेगळं.

आता वाटणी प्रत्यक्षात कशी करायची ते मॅट्रिक्सवर दाखवतो, कारण तिथे ती सर्वांत स्वच्छ दिसते.

समजा तीन समीकरणं दिलीत: एक्स + २वाय + झेड = ४, २एक्स + ५वाय + झेड = ११, ३एक्स + ७वाय + ४झेड = १३. ‘सॉल्व्ह’ कमांड दिली की १, २, −१ हे उत्तर लगेच येतं आणि धडा तिथेच संपतो. त्याऐवजी लॅबमध्ये ‘सॉल्व्ह’ला बंदी घाला आणि ‘रोऑप’ द्या. या कमांडला चार गोष्टी सांगायच्या: मॅट्रिक्स, कोणती ओळ बदलायची, कोणत्या ओळीने, आणि किती पट. ए म्हणजे समीकरणांचे सहगुणक आणि उजव्या बाजूचे आकडे मिळून केलेली मॅट्रिक्स धरली, तर ‘रोऑप’ ए, २, १, २ म्हणजे दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा. ओळ होते ०, १, −१, ३. मग तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा: ०, १, १, १. मग तिसरीतून दुसरी वजा: ०, ०, २, −२. झेड −१ आलाच.

यात विद्यार्थ्याने काय केलं? कोणती ओळ, कशाने, किती पट, हे तिन्ही निर्णय त्याचे. यंत्राने फक्त बारा आकड्यांची वजाबाकी केली. हाताने करताना पाचव्या आकड्याला चिन्ह चुकतं, पुढचं सगळं बिघडतं, आणि पद्धत कळलेला विद्यार्थीसुद्धा ‘मला मॅट्रिक्स जमत नाही’ म्हणून वही मिटतो. ही चूक गणिताची नाही, हिशेबाची आहे, आणि ती यंत्र नेमकी उचलून घेतं. बदल्यात तीन बाय तीनवरून चार बाय पाचवर जाता येतं, जिथे कोणत्या क्रमाने ओळी घ्याव्यात याचा खरोखर विचार करावा लागतो.

एक सापळा आधीच सांगून ठेवा. ‘रोऑप’ वजा करतं. मुलांच्या डोक्यात ‘दोनने गुणून वजा’ म्हणजे −२ असं बसलेलं असतं, म्हणून ती −२ देतात आणि ओळ येते ४, ९, ३, १९. पहिला आकडा शून्य व्हायला हवा होता, तो चार झाला. हे त्यांना स्वतःला दिसू द्या, लगेच सांगू नका. शिवाय ही कमांड नवीन मॅट्रिक्स देते, जुनी बदलत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला नवं नाव द्यायला लावा: ए१, ए२, ए३. मग चुकल्यावर कुठे चुकलं हे शोधायला मागे जाता येतं.

आता याच पद्धतीचा मोठा फायदा. दोन समीकरणं घ्या: एक्स + के·वाय = १ आणि के·एक्स + वाय = १. मॅक्सिमाला ‘सॉल्व्ह’ सांगितलं तर ते म्हणतं एक्स = १/(के + १), वाय = १/(के + १). दिसायला नीटनेटकं, आणि परीक्षेत हे लिहिलं तर निम्मे गुण जातील. के = −१ असेल तर पहिलं समीकरण एक्स − वाय = १ आणि दुसरं −एक्स + वाय = १; बेरीज केली तर ० = २. उत्तरच नाही. हे निदान छेदातल्या शून्यावरून ओळखता तरी येतं. के = १ ची गंमत अशी की मॅक्सिमाच्या उत्तरात तिथे काहीच अडत नाही, एक्स आणि वाय दोन्ही १/२ येतात. प्रत्यक्षात दोन्ही समीकरणं एकच झालेली असतात आणि एक्स + वाय = १ या रेषेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर असतो. यंत्राने वरखाली (१ − के) कापून टाकला आणि तो कापताना के = १ नाही असं मनातल्या मनात धरलं. ते बोललं नाही.

हेच ‘रोऑप’ने करा. दुसऱ्या ओळीतून पहिलीची के पट वजा: ०, १ − के², १ − के. आता पुढे जायचं तर १ − के² ने भागावं लागणार, आणि भागायचं म्हटलं की विद्यार्थ्याला थांबून विचारावंच लागतं: हे शून्य कधी? तिन्ही प्रकार समोर येतात. म्हणून मी हा प्रश्न असाच विचारतो: ‘सॉल्व्ह’चं उत्तर छापूनच देतो आणि म्हणतो, हे उत्तर केच्या कोणत्या किमतींना अपुरं आहे आणि तिथे खरं काय आहे ते लिहा. सॉफ्टवेअर हाताशी असूनही हा प्रश्न विचार केल्याशिवाय सुटत नाही. रँकचीही हीच गत: या मॅट्रिक्सची रँक मॅक्सिमा २ सांगेल, अटींचा उल्लेखही न करता.

कॅल्क्युलसकडे येऊ. इथे ‘आधी वहीत लिहा’ हा नियम जास्त कामाला येतो.

शून्यापासून २ पायपर्यंत १/(२ + कॉस एक्स) याचं इंटिग्रल घ्या. संगणक सुरू करण्याआधी मुलांनी फक्त एवढं लिहायचं: कॉस −१ ते १ मध्ये असतो, म्हणजे छेद १ ते ३ मध्ये, म्हणजे फंक्शन १/३ ते १ मध्ये. रुंदी २ पाय. तेव्हा उत्तर २ पाय/३ आणि २ पाय यांच्या मध्ये, म्हणजे साधारण २.०९ ते ६.२८. तीन ओळींचं काम, बारावी झालेल्या कोणालाही जमतं.

आता मॅक्सिमाकडून आधी अनिश्चित इंटिग्रल मागवा. जे येतं ते सोपं केलं तर (२/√३) गुणिले टॅन इन्व्हर्स ऑफ (टॅन(एक्स/२)/√३) असं आहे. डिफरन्शिएट करून बघितलं तर बरोबर आहे. मग मुलं मर्यादा भरतात: एक्स = ० ला शून्य, एक्स = २ पायला शून्य, वजाबाकी शून्य. वहीत लिहिलंय की उत्तर २.०९ पेक्षा मोठं असणार. वही आणि पडदा यांतलं एक चुकलंय, आणि कोणतं ते शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता आलेख काढायला सांगा, मूळ फंक्शनचा नाही, या अँटिडेरिव्हेटिव्हचा. एक्स = पायपाशी तो पाय/√३ पर्यंत चढतो आणि एकदम −पाय/√३ वर कोसळतो, कारण टॅन(एक्स/२) तिथे अनंताला जातो. फंडामेंटल थिअरमला पूर्ण अंतरावर संतत अँटिडेरिव्हेटिव्ह लागतो. हा तसा नाही. उडी आहे २ पाय/√३ ची, आणि नेमकी तेवढीच किंमत आपल्या उत्तरातून हरवली. दोन तुकडे करून बेरीज केली की २ पाय/√३, म्हणजे सुमारे ३.६३. आपल्या २.०९ आणि ६.२८ च्या मध्ये. ‘क्वाड क्यूएजीएस’ ही संख्यात्मक कमांड वापरून ताळा घेता येतो. ती चार आकडे देते, पहिला उत्तराचा, दुसरा चुकीच्या अंदाजाचा.

थिअरमच्या विधानातला ‘संतत’ हा शब्द मुलं बारावीपासून पाठ म्हणत आलेली असतात. तो तिथे का लिहिलाय हे या एका गणितात कळतं, आणि हाताने करून ते कळायला अर्धा तास नुसत्या सब्स्टिट्यूशनमध्ये गेला असता. सॉफ्टवेअर वापरण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

उलट बाजूही दाखवा, नाहीतर ‘यंत्र चुकतं’ एवढाच धडा मुलं घेतील. −१ ते १ पर्यंत १/एक्स² चं इंटिग्रल हाताने करायला द्या. वर्गातली बरीच मुलं −१/एक्स लिहून मर्यादा भरून −२ आणतील. मॅक्सिमा सांगेल, इंटिग्रल डायव्हर्जंट आहे. इथे यंत्र बरोबर आहे. आणि ‘फंक्शन धन असताना क्षेत्रफळ ऋण कसं?’ हे वहीत आधी लिहिलं असतं तर यंत्राचीही गरज पडली नसती.

इंटिग्रेशनच्या उत्तरांबद्दल तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून टाका. मॅक्सिमा ‘अधिक सी’ लिहीत नाही. १/एक्सचं उत्तर ते नुसतं लॉग एक्स देतं, मॉड लावत नाही (‘लॉगॲब्स’ ही खूण ट्रू केली तर लावतं). आणि साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं उत्तर ते −कॉस²/२ देतं, तर मुलाने वहीत साइन²/२ लिहिलेलं असतं, आणि तो ते खोडतो. खोडू देऊ नका. दोन्ही उत्तरांची वजाबाकी करून बघायला लावा: १/२ येतं, म्हणजे स्थिरांकाचाच फरक. दोन उत्तरं सारखी आहेत की नाही हे नजरेने ठरवायचं नाही, वजाबाकी करून सोपी करायची, ही सवय इथे लागते. हे काम मॅक्सिमावर सोपवतानाही जपून: ‘इज’ कमांडला (एक्स + १)² = एक्स² + २एक्स + १ असं बरोबरीच्या चिन्हाने विचारलं तर ते ‘फॉल्स’ म्हणतं, कारण ते फक्त लिहिण्याची रूपं ताडून बघतं. ‘इक्वल’ वापरून विचारलं तर ‘ट्रू’ म्हणतं.

एक्सचा एनवा घात इंटिग्रेट करायला सांगितला तर मॅक्सिमा उलट प्रश्न विचारतं: एन −१ आहे का? हा प्रश्न पडद्यावर येतो तेव्हा बऱ्याच मुलांना वाटतं काहीतरी बिघडलं. वर्ग थांबवून विचारा की हे का विचारतंय. त्याचं उत्तर त्यांना येत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आता सहकाऱ्यांचा मूळ मुद्दा: हाताने किती? यावर ऑस्ट्रियन गणिती ब्रुनो बुखबर्गर यांनी १९९० मध्ये मांडलेला विचार मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटतो. जो विषय सध्या शिकतोय, त्यात यंत्र उघड्या डब्यासारखं हवं, आतली प्रत्येक पायरी दिसली पाहिजे; तो विषय पक्का झाला की पुढच्या विषयात तेच काम बंद डब्याला द्यायला हरकत नाही. म्हणजे इंटिग्रेशन शिकताना ‘इंटिग्रेट’ कमांड फक्त ताळ्यापुरती. डिफरन्शियल इक्वेशन शिकताना मात्र ती मोकळेपणाने वापरू द्या, कारण तिथे लक्ष समीकरणाचा प्रकार ओळखण्यावर हवं. मॅट्रिक्समध्ये वर सांगितलं ते ‘रोऑप’ उघड्या डब्याचं, ‘सॉल्व्ह’ बंद डब्याचं.

तुमच्या सहकाऱ्यांना पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या कॅथलीन हाइड यांचा १९८८ चा अभ्यास सांगा. पंधरा आठवड्यांच्या कॅल्क्युलसच्या कोर्सात पहिले बारा आठवडे आकडेमोड संगणकावर आणि भर संकल्पनांवर, हाताची कौशल्यं फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत. त्या मुलांची समज जास्त चांगली दिसली आणि हाताच्या गणितांतही ती जवळजवळ बरोबरीला आली. मी हा क्रम तुम्हाला सुचवणार नाही. गट लहान होता, शिवाय आपल्याकडे विद्यापीठाची लेखी परीक्षा हातानेच द्यायची असते आणि त्यात वेळ पुरत नाही ही खरी अडचण आहे. पण ‘यंत्र आलं की हात गेला’ हे आपोआप घडत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझ्या मते हाताने अस्खलित यायलाच हवं ते एवढं: चेन रूलसकट डेरिव्हेटिव्ह, साधं सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स एकदा, दोन वेगवेगळ्या रेषीय अवयवांचे पार्शल फ्रॅक्शन, तीन बाय तीनचं रो-रिडक्शन पूर्णांकांत, आणि दोन बाय दोनच्या आयगेन किमती. छेदात द्विघाती अवयवाचा वर्ग असलेले पार्शल फ्रॅक्शन एकदा मांडणीपुरते हाताने (ए, बी, सी, डी कुठे येणार एवढं लिहायचं), किमती यंत्राने. ही यादी तुमच्या विद्यापीठाच्या पेपरप्रमाणे थोडी लांबेल किंवा आखडेल. पण यादी लिहून भिंतीवर लावा, म्हणजे मुलांनाही कळतं आणि सहकाऱ्यांचाही धीर राहतो.

आयगेन किमतींवरून आठवलं: लॅबसाठी मॅट्रिक्स निवडताना आधी स्वतः चालवून बघा. तीन बाय तीनचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण सहज एक्स³ − ३एक्स + १ = ० सारखं निघू शकतं. याची तिन्ही मुळं वास्तव आहेत, सुमारे १.५३, ०.३५ आणि −१.८८, पण मॅक्सिमा नेमकं उत्तर देताना घनमुळांत ‘आय’ घालून पानभर राशी काढतं आणि मुलं घाबरतात. दोष मॅक्सिमाचा नाही. अशा घन समीकरणाची मुळं वास्तव घनमुळांत लिहिताच येत नाहीत. पहिल्या प्रात्यक्षिकाला पूर्णांक आयगेन किमतींचीच मॅट्रिक्स द्या, आणि असा एखादा अवघड नमुना पुढे ‘ऑलरूट्स’ (मुळं दशांशात काढणारी कमांड) शिकवताना काढा.

टायपिंगच्या चुकांत लॅबचा सर्वांत जास्त वेळ जातो, आणि त्या जवळजवळ ठरलेल्या असतात. २एक्स असं लिहून चालत नाही, मध्ये गुणाकाराची फुली लागते. नाहीतर ‘एक्स हा इन्फिक्स ऑपरेटर नाही’ असा संदेश येतो. किंमत ठेवायला कोलन, फंक्शन ठरवायला कोलन-बरोबर, आणि नुसतं बरोबरीचं चिन्ह म्हणजे समीकरण. या तिघांत घोळ होतोच. कोणीतरी आधी एक्स कोलन ३ लिहिलेलं असतं आणि वीस मिनिटांनी डिफरन्शिएट करायला गेलं की ‘दुसरा अर्ग्युमेंट चल हवा, ३ सापडला’ असं येतं. म्हणून प्रत्येक गणिताच्या आधी ‘किल ऑल’, म्हणजे आधी ठेवलेल्या सगळ्या किमती पुसून टाकायच्या.

सर्वांत फसवी चूक ‘ई’ची. मॅक्सिमात घातांकीय ई लिहायला आधी टक्क्याचं चिन्ह लागतं. ते विसरून ईचा एक्स घात डिफरन्शिएट केला तर उत्तर येतं ईचा एक्स घात गुणिले लॉग ई. विद्यार्थी म्हणतो, बरोबर आहे की, लॉग ई म्हणजे १. उत्तर बरोबर दिसतं, पण मॅक्सिमासाठी तो ई म्हणजे कोणतंही अक्षर आहे, आणि पुढे लिमिट किंवा आलेख काढताना सगळं अडतं. पायचंही तसंच, टक्क्याशिवाय साइन पाय शून्य होत नाही. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये ‘डिफ’च्या आधी एक एकेरी अवतरण लागतं. ते नसेल तर वाय हा एक्सवर अवलंबून आहे हे मॅक्सिमाला माहीत नसतं, ते डेरिव्हेटिव्ह शून्य करून टाकतं, आणि समीकरणच नाहीसं होतं.

हे संदेश इंग्रजीत येतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं ते वाचतच नाहीत, लाल अक्षरं दिसली की हात वर करतात. अशा सात-आठ संदेशांचा एक कागद मराठीत करून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवा: संदेश काय म्हणतोय, बहुधा काय चुकलंय, काय करायचं. तासाभराच्या कामाने वर्षभराची धावपळ वाचते. आणि उत्तरावरची टिप्पणी मुलांना मराठीत लिहू द्या. ‘के = १ ला दोन्ही रेषा एकावर एक बसतात’ हे वाक्य स्वतःच्या भाषेत लिहिणारी मुलगी नक्की काय समजलीय ते लगेच कळतं.

आता ६० मुलं आणि १५ संगणक. २० च्या तीन तुकड्या करा, एका संगणकावर दोघं, म्हणजे दहा लागतील; पाच मोकळे ठेवा, कारण एखादा बंद पडतोच. दोघांपैकी एक टाइप करेल, दुसरा वही लिहील, दर प्रश्नाला अदलाबदल. हे सक्तीने करा, नाहीतर ज्याच्या घरी संगणक आहे तोच दोन तास कीबोर्ड सोडत नाही आणि ज्याला सवय हवी तो बघत बसतो. पहिली वीस मिनिटं मॉनिटर बंद: अंदाज, सीमा, चिन्ह, आलेखाचं कच्चं रूप, जे त्या गणितात लागू असेल ते वहीत. मग साधारण एक तास संगणक. उरलेला वेळ पुन्हा वही, जिथे अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तिथे कारण लिहायचं. एका प्रात्यक्षिकात तीन गणितं पुरेत.

जर्नलमध्ये प्रिंटला गुण देऊ नका, कारण प्रिंट पेन ड्राइव्हवरून फिरते. गुण हाताने लिहिलेल्या अंदाजाला आणि कारणाला. आणि आकडे रोल नंबरवरून बदला. वरच्याच इंटिग्रलमध्ये २ च्या जागी ‘रोल नंबर अधिक १’ घाला. ए + कॉस एक्स असा छेद असेल तर उत्तर २ पाय/√(ए² − १) येतं, त्यामुळे तपासायला तुम्हाला एक सूत्र पुरतं आणि साठ जणांची साठ उत्तरं वेगळी. रोल नंबर १ ला बरोबर वरचंच गणित मिळतं. फक्त असं सूत्र आपल्या लॅबमधल्या आवृत्तीवर दोन-तीन नंबरांना आधी चालवून बघा. आवृत्ती बदलली की उत्तराचं रूप बदलतं, कधी मॅक्सिमा मध्येच प्रश्न विचारतं.

पुढे कधी कॉलेजचा मूडल (ऑनलाइन वर्ग आणि गृहपाठाची प्रणाली) सर्व्हर नीट चालायला लागला तर गृहपाठासाठी ‘स्टॅक’ बघा. क्रिस सँगविन यांनी २००४ च्या सुमारास बर्मिंगहॅम विद्यापीठात ते सुरू केलं. विद्यार्थ्याने लिहिलेली बीजगणितीय राशी ते आतल्या मॅक्सिमाकडून तपासून घेतं, म्हणून साइन²/२ आणि −कॉस²/२ दोन्हींना गुण मिळतात, आणि ‘अधिक सी’ राहिला तर तसं सांगता येतं. पण त्याला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

पहिलं प्रात्यक्षिक कोणतं, असं विचाराल तर कॅल्क्युलस नको, तो के असलेला दोन समीकरणांचा प्रश्न घ्या. टाइप करायला दोन ओळी, हाताने पडताळायला पाच मिनिटं, आणि त्याच दिवशी मुलांना दिसतं की पडद्यावरचं नेटकं उत्तर पूर्ण असेलच असं नाही. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना शंका आहे त्यांनाही त्या तासाला बोलवा, आणि के = १ ला काय होतं ते मुलांना त्यांच्यासमोर फळ्यावर सांगू द्या.